होम फोल्डरचा ‘एच’ ड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाही: दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यालयात सुमारे ४० संगणक असून प्रत्येक कर्मचाऱ्याचे होम फोल्डर (त्याच्या स्वतःच्या फाइल्सचे फोल्डर) फाइल सर्व्हरवर, म्हणजे फाइल्स साठवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, आहे. लॉग-इन होताच ते ‘एच’ ड्राइव्ह म्हणून जोडले जावे, अशी व्यवस्था पूर्वीपासून आहे आणि डेस्कटॉपवर ती सुरळीत चालत होती. मात्र काही जणांना वाय-फायवर चालणारे लॅपटॉप दिल्यापासून रोज सकाळी पाच-सहा जणांकडे ‘एच’ येतच नाही, तर काहींकडे तो येतो पण त्यावर लाल फुली असते. लेखा विभागातील एका सहकारी बाईंची अडचण निराळी आहे: काम चालू असतानाच ‘एच’ची खिडकी आपोआप बंद होते आणि एक्सेलची फाइल सेव्ह होत नाही. सर्व्हरचा पूर्ण पत्ता टाइप केला की फोल्डर सर्वांकडे उघडते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १

पूर्ण पत्त्याने फोल्डर उघडते, ही नोंद आपण दिलीत ते फार बरे झाले. त्यामुळे सर्व्हर आणि परवानग्या या दोन्ही शंका बऱ्याच अंशी मिटतात. मात्र या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे मला वाटत नाही.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (वापरकर्ते व संगणक यांच्या खात्यांची विंडोजची मध्यवर्ती नोंद) खात्याच्या ‘प्रोफाइल’ टॅबवर दिलेले होम फोल्डर फक्त लॉग-इनच्या क्षणी जोडले जाते. लॅपटॉपचे वाय-फाय त्यानंतर जोडले गेले, तर विंडोज साठवून ठेवलेल्या पासवर्डच्या आधारे आत घेते खरे, पण ड्राइव्ह जोडण्याची वेळ निघून गेलेली असते. ज्याच्याकडे ‘एच’ आलेला नाही, त्याच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘सेट होम’ ही आज्ञा द्या. होमड्राइव्हपुढे ‘सी’ दिसले, तर होम फोल्डर लागूच झाले नाही असे समजावे. मग तोच लॅपटॉप केबलने जोडून पुन्हा सुरू करून पाहा.

ग्रुप पॉलिसीत (सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून सेटिंग लावण्याची विंडोजची सोय) संगणकाच्या विभागात, ‘सिस्टीम’खालील ‘लॉगऑन’मध्ये, नेटवर्कची नेहमी वाट पाहण्याची सेटिंग आहे. तिने लॉग-इन थोडे लांबते, पण ती चालू करणे योग्य ठरेल. मात्र आपले वाय-फाय वापरकर्त्याने लॉग-इन केल्यावरच जोडले जात असेल, तर तिचा उपयोग होणार नाही. ते वापरकर्त्याच्या नव्हे, तर संगणकाच्या स्वतःच्या खात्याने लॉग-इनपूर्वीच जोडले जाईल अशी रचना करावी लागेल.

लाल फुलीवर क्लिक करताच फोल्डर उघडत असेल, तर काळजीचे कारण नाही. काही वेळ वापर झाला नाही की विंडोज सर्व्हर जोडणी सोडतो. ही मुदत मुळात १५ मिनिटांची असते. उघडत नसेल, तर त्रुटीचा क्रमांक कळवा.

प्रश्नकर्ता

‘सेट होम’मध्ये ‘सी’च दिसले आणि केबल लावल्यावर ‘एच’ आला. फुली असलेल्या दोन संगणकांवर क्लिक करूनही ड्राइव्ह उघडत नाही. तेथे जुनी लॉग-इन स्क्रिप्ट (लॉग-इनवेळी आपोआप चालणारी आज्ञांची फाइल) हाताने चालवली, तेव्हा ८५ क्रमांकाची त्रुटी आली. लेखा विभागातील बाईंनी खिडकी बंद होण्याच्या वेळा कागदावर टिपल्या आहेत: १०.२०, ११.५५ आणि १.४०.

उत्तर २

त्या कागदाने बरेच काम सोपे केले. ग्रुप पॉलिसी सुमारे दर ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतच्या फरकाने, पार्श्वभूमीवर पुन्हा लागू होते आणि आपल्या वेळांमधील अंतर त्यात चपखल बसते. तिच्यातील ड्राइव्ह मॅपिंगच्या (ड्राइव्हला अक्षर देऊन जोडण्याच्या) प्रेफरन्समध्ये कृती ‘रिप्लेस’ ठेवली असेल, तर प्रत्येक वेळी जुनी जोडणी तोडून नवी केली जाते आणि उघडी फाइल मध्येच अडकते. तेथे ‘अपडेट’ निवडा.

त्रुटी ८५ म्हणजे ते अक्षर आधीच वापरात आहे. याचा अर्थ ‘एच’ एकाहून अधिक ठिकाणांहून दिला जात आहे: खात्याचे प्रोफाइल, जुनी स्क्रिप्ट, ग्रुप पॉलिसी आणि कदाचित कोणी स्वतः हाताने जोडलेला व कायमचा ठेवलेला ड्राइव्ह. ‘नेट यूज’ या आज्ञेने जोडण्यांची यादी पाहा, मृत जोडणी काढून टाका आणि अक्षर देण्याचे काम एकाच ठिकाणी ठेवा. लॅपटॉप असल्यामुळे मी ग्रुप पॉलिसी निवडेन, कारण लॉग-इनच्या वेळी नेटवर्क हुकले तरी पुढच्या फेरीत ड्राइव्ह जोडला जाऊ शकतो. खात्यातील होम फोल्डर काढण्यापूर्वी एखादा जुना प्रोग्राम होमशेअर (होम फोल्डरचा सर्व्हरवरील पत्ता) या व्हेरिएबलवर अवलंबून नाही ना, हे अवश्य तपासा.

प्रश्नकर्ता

दोन्ही संगणकांवर ‘एच’ एका जुन्या, बंद केलेल्या सर्व्हरकडे कायमचा जोडलेला निघाला. तो काढला, स्क्रिप्टमधील ओळ पुसली आणि प्रेफरन्समधील कृती ‘रिप्लेस’वरून ‘अपडेट’ केली. लेखा विभागातील खिडकी आज दिवसभर एकदाही बंद झाली नाही. वाय-फाय संगणकाच्या खात्याने जोडण्याची चाचणी सध्या तीन लॅपटॉपवर चालू आहे. ती पूर्ण होईपर्यंत खात्यातील होम फोल्डरला हात लावलेला नाही. आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार.