क्रॉप बॉडीवर पहिली अल्ट्रावाइड: हलकी १०-१८, एफ/२.८ वाली, की घ्यायचीच नाही?

खाडीकाठ (ऐरोली):

हाताशी क्रॉप सेन्सरची (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) बॉडी आणि कॅमेऱ्यासोबत आलेली किटची १८-५५ मिमी लेन्स, फिरणं ठाणे-नवी मुंबईत, येऊर, पारसिक, खारघरचे डोंगर आणि खाडीच्या काठाने. अशा माणसाने लँडस्केपसाठी अल्ट्रावाइड, म्हणजे १८ मिमीहून रुंद दृश्य घेणारी लेन्स, घ्यायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला: ‘एफ/२.८ शिवाय बघू नका.’ एफचा आकडा लहान तितकं अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) मोठं आणि प्रकाश जास्त, म्हणून. हा सल्ला मला साफ चुकीचा वाटतो.

लँडस्केप ट्रायपॉडवर, एफ/८ ते एफ/११ ला काढतात. तिथे एफ/२.८ पडून राहतं आणि वजन मात्र खांद्यावर येतं. कॅननची ईएफ-एस १०-१८ एफ/४.५-५.६ आहे २४० ग्रॅमची, फिल्टर ६७ मिमी. टोकिनाची ११-२० एफ/२.८ साडेपाचशे ग्रॅमच्या वर जाते आणि ८२ मिमीचा फिल्टर मागते, म्हणजे सीपीएल (चकाकी काढणारा पोलरायझर) आणि एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) यांचा खर्चही वाढला. वर रुंद बाजूचा एक मिलिमीटर गेला. कॅननच्या क्रॉपवर १० ला आडवा कोन ९६ अंश, ११ ला ९१, किटच्या १८ ला ६३-६४. टेलीमध्ये एका मिलिमीटरने काही बिघडत नाही, इथे पाच अंश जातात.

मिररलेस कॅननसाठी आरएफ-एस १०-१८ तर १५० ग्रॅमची, फिल्टर ४९ मिमी. निकॉन डीएसएलआरवाल्यांना एएफ-पी १०-२० व्हीआर आहे, २३० ग्रॅम, ७२ मिमी. पण एक खाच लक्षात ठेवा: एएफ-पीची फोकस रिंगसुद्धा मोटरवर चालते, त्यामुळे डी९०, डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर ती ऑटोच काय, हातानेही फोकस होत नाही. जुनी निकॉन असेल तर ही लेन्स स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

पारसिकचा पायथा (कळवा):

असहमत, आणि दोन्ही पर्यायांशी असहमत. या भागात फिरणाऱ्याने पहिली लेन्स म्हणून अल्ट्रावाइड घेऊच नये.

‘सगळं दृश्य मावेना’ म्हणून अल्ट्रावाइड घेतली जाते आणि घात तिथेच होतो. खारघरचा पांडवकडा बघा. पावसाळ्यात धबधब्याजवळ प्रवेशबंदी असते, म्हणजे फोटो लांबूनच काढायचा. धबधब्याची उंची सुमारे १०७ मीटर. एक किलोमीटरवरून १० मिमीने काढलात तर सेन्सरवर तो एक मिलिमीटरच्या जरा वर उमटतो. फ्रेमची उंची १५ मिलिमीटर, म्हणजे चौदावा हिस्सा. उरलेल्यात पांढरं आभाळ आणि पुढचा रस्ता. तोच धबधबा किटच्या ५५ ला पावणेसहा-सहा मिलिमीटर होतो, फ्रेमचा दोन पंचमांश. पारसिकची रांग खाडीपलीकडून घ्या किंवा येऊरचे डोंगर उपवन तलावाच्या काठावरून, हिशोब हाच.

आणि खरोखर रुंद हवंच असेल तर किट लेन्स १८ वर ठेवा, कॅमेरा उभा धरा, तीन फ्रेम काढून जोडा. उभ्या फ्रेमचा आडवा कोन ४५ अंश. ३० टक्के ओव्हरलॅप ठेवला तरी तीन फ्रेममध्ये १०८ अंश होतात, १० मिमीपेक्षा जास्त. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून कापाकापी झाल्यावरही ४५-५० मेगापिक्सेलची फाइल मिळते. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर लॉक करायचे, नाहीतर आभाळात जोड दिसतो. एवढं शिकायला एक रविवार पुरतो आणि पैसा लागत नाही.

खाडीकाठ (ऐरोली):

पांडवकड्याचा हिशोब बरोबर आहे. त्यासाठी अल्ट्रावाइड नाहीच. पण त्यावरून ‘या भागात गरज नाही’ हा निष्कर्ष मान्य नाही, कारण अल्ट्रावाइड लांबचं मावण्यासाठी नसतेच, ती जवळचं मोठं करण्यासाठी असते. ओहोटीला खाडीकाठी तिवरांची श्वसनमुळं गाळातून वर आलेली असतात. कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणला, पहिली मुळं लेन्सपासून ४० सेंटीमीटरवर ठेवली, की ती फ्रेमच्या तळाशी बोटभर जाड दिसतात आणि मागे पाणी, आभाळ, पलीकडच्या इमारती खोल जातात. हा फोटो ५५ ने होत नाही.

आणि नेमका हाच फोटो तीन फ्रेम जोडून बिघडतो. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, लेन्सचा नो-पॅरलॅक्स बिंदू (ज्याभोवती फिरवलं तर जवळचं-लांबचं एकमेकांच्या तुलनेत सरकत नाही) त्याच्या काही सेंटीमीटर पुढे असतो. लांबच्या डोंगराला फरक पडत नाही, पण ४० सेंटीमीटरवरचं मूळ प्रत्येक फ्रेममध्ये मागच्या वस्तूंच्या तुलनेत सरकतं आणि सॉफ्टवेअर त्याची दोन मुळं करतं. नोडल स्लाइड (कॅमेरा मागे सरकवणारी पट्टी) घ्या, दोन उभे खांब एकामागे एक धरून बिंदू शोधा, मग जमेल. पण पाण्याचं काय? पहिल्या फ्रेममधली लाट तिसऱ्या फ्रेममध्ये नसते. वाऱ्यावर हलणारं गवतही तसंच. शिवाय उभ्या १८ ची उंची ६३ अंश, आडव्या १० ची ७३. पायाशी आलेली मुळं आणि डोक्यावरचा ढग दोन्ही हवे असतील तर दुसरी रांग काढावी लागते, म्हणजे सहा फ्रेम. तोवर संध्याकाळचा प्रकाश बदललेला असतो.

अमावस्या (घोडबंदर):

दोघंही दिवसाचंच बोलताय. धागाकर्ते म्हणतात एफ/२.८ पडून राहतं. आकाशगंगा काढायला निघालात की ते पडून राहत नाही.

ठाण्यात आभाळ उजळलेलं असतं, त्यासाठी मुरबाडच्या पुढे माळशेजकडे जावं लागतं हे मान्य. पण इथले बरेच लँडस्केपवाले फेब्रुवारी ते मे अमावस्येच्या आसपास तिकडे जातातच, जूनपासून ढग असतात. एफ/२.८ ला एफ/४.५ पेक्षा अडीच पटीहून जास्त प्रकाश येतो. जिथे २.८ ला २० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पुरतं, तिथे ४.५ ला ८००० लागतं. क्रॉप सेन्सरवर ८००० ला सावलीतले कडे नुसते रवाळ होतात. वेळ वाढवून भागत नाही: ५०० चा नियम (५०० ला फोकल लेंग्थ आणि क्रॉपचे १.६ यांच्या गुणाकाराने भागायचं) १० मिमीला कॅनन क्रॉपवर ३१ सेकंद सांगतो, पण २४ मेगापिक्सेलवर तेवढ्यात ताऱ्यांच्या रेघा दिसतात. १५ ते २० च्या पुढे जाऊ नये.

आणि वजनाचा मुद्दा मिररलेसवर आता उरलेला नाही. सिग्माची १०-१८ एफ/२.८ तीनशे ग्रॅमच्या आतली आहे, फिल्टर ६७ मिमी.

खाडीकाठ (ऐरोली):

सिग्माचा मुद्दा मान्य. मिररलेस असेल आणि बजेट बसत असेल तर तीच घ्यावी, वाद नाही. डीएसएलआरवाल्यांसाठी माझं मत कायम. जुन्या एफ/२.८ क्रॉप लेन्सेस पूर्ण उघड्या ठेवल्या की कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे पसरतात. तो कोमा घालवायला एफ/३.५ ला यावं लागतं, मग ४.५ शी फरक दीड-पावणेदोन पटीचा उरतो. चार महिन्यांतल्या मोजक्या रात्रींसाठी लेन्स भाड्याने आणा.

अमावस्या (घोडबंदर):

पावणेदोन पट म्हणजे ३२०० विरुद्ध साडेपाच हजार. तेवढा फरक क्रॉपवर डोळ्यांना दिसतो. भाड्याची लेन्स आदल्या दिवशी हातात येते, तिचा अनंताचा फोकस नेमका कुठे आहे हे अंधारात शोधत बसावं लागतं. ज्याला तारे काढायचेत त्याने एफ/२.८ च घ्यावी.

ओला ट्रायपॉड (खारघर):

या सगळ्यात पाऊस कोणी मोजला नाही, आणि इथल्या डोंगरांचा खरा हंगाम तोच आहे.

‘अल्ट्रावाइडवर सीपीएल लावू नये, आभाळ एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकट होतं’ असं सगळीकडे सांगतात. निळ्या आभाळाला ते खरं आहे, कारण ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वात जास्त असतं आणि ९६ अंशांच्या फ्रेममध्ये तो पट्टा आणि त्याच्या बाहेरचं आभाळ दोन्ही येतात. पण जुलैत आभाळ ढगांनी भरलेलं असतं, तिथे गडद व्हायला काही नसतंच. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी मात्र सीपीएल काढतो, हिरवा रंग आतून वर येतो. वर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश कमी झाल्यामुळे ओढ्याला पाव ते एक सेकंद आपोआप मिळतो, वेगळा एनडी लागत नाही. म्हणून फिल्टर लावता येणारी लेन्स हवी. समोर फुगीर काच असलेल्या लेन्सला साधा सीपीएल बसत नाही आणि १५० मिमीच्या चौकोनी फिल्टरचं ओझं पावसात सांभाळवत नाही. फुगीर काचवाल्या लेन्सेस इथे माझ्या यादीतून बाद.

दुसरी गोष्ट थेंबांची. अल्ट्रावाइडचं हूड उथळ असतं, पाऊस थेट काचेवर येतो. एफ/१६ ला डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारा टप्पा) इतकी जवळ येते की फिल्टरवरचा थेंब फोटोत वाटोळा डाग होऊन बसतो. एफ/८ ला तोच डाग पसरून फिका होतो. म्हणून पावसात एफ/८, फार तर एफ/११. दोन फोटोंच्या मध्ये लेन्स जमिनीकडे वळवून ठेवा, क्लिकच्या आधी मायक्रोफायबरने एकदाच पुसा. छत्री लेन्सच्या पुढे गेली की वरच्या कोपऱ्यात तिचा काठ येतो, ती डोक्याच्या मागे धरावी लागते.

एसी गाडीतून उतरल्यावर बॅग लगेच उघडू नका. थंड काचेवर दमट हवा बसून ती धुरकट होते, पुसली की पुन्हा होते. बंद बॅगेत वीस-तीस मिनिटं गेली की प्रश्न मिटतो.

पारसिकचा पायथा (कळवा):

सीपीएलचं पटलं. खाडीकाठ यांच्या मुळांच्या फोटोचंही पटलं, पण तो एक फोटो झाला. पाम बीच रस्त्याच्या बाजूने कॅमेरा जरा वर उचलला की सीवूड्सचे टॉवर आत कलतात. फ्रेमच्या कडेला उभा माणूस आडवा ताणला जातो: १० मिमीच्या उजव्या-डाव्या कडेला गोल वस्तू जवळजवळ दीडपट रुंद होते, १८ ला तोच ताण सव्वा पटीच्याही आत. येऊरच्या झाडीत दोन्ही कडांचे बुंधे मधोमध झुकतात. सॉफ्टवेअरने सरळ करायला गेलात की कोपरे कापले जातात आणि शेवटी उरतो साधारण १२-१३ मिमीचा कोन.

खाडीकाठ (ऐरोली):

कॅमेरा वर उचलायचाच नाही. लेव्हल दोन्ही अक्षांत शून्यावर ठेवा, क्षितिज फ्रेमच्या मध्ये येऊ द्या आणि नको असलेलं वरचं किंवा खालचं नंतर कापा. टॉवर सरळ राहतात. मुळांच्या फोटोत कॅमेरा थोडा खाली झुकतो, पण मागच्या इमारती मुळातच इतक्या लहान असतात की त्यांचा कल जाणवत नाही. माणूस मधल्या तिसऱ्या हिश्श्यात उभा करा.

जुना माल (ठाणे पूर्व):

हलकी की एफ/२.८ यावर माझं मत नाही, पण दोन्ही बाजूंचे बरेच जण वापरलेलीच लेन्स घेणार. अल्ट्रावाइडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे डिसेंटरिंग, आतली एखादी काच किंचित सरकलेली असते. मधला भाग उत्तम दिसतो, एक कोपरा मऊ पडतो, आणि दुकानात मागच्या स्क्रीनवर ते कळत नाही.

घ्यायच्या आधी वाशीच्या मिनी सीशोअरवर जाऊन खाडीपल्याडची एक ठळक इमारत निवडा. ट्रायपॉड, सर्वात रुंद टोक, अॅपर्चर पूर्ण उघडं, स्टॅबिलायझर बंद. इमारत मधोमध ठेवून फोकस करा, मग तो मॅन्युअलवर टाका आणि हात लावू नका. आता तीच इमारत आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून फोटो काढा. १०० टक्क्यांवर बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव आहे, एफ/८ ला सुधारेल. तीन बरे आणि एकच वाईट असेल तर सौदा सोडा, एफ/११ ला सुद्धा तो कोपरा येत नाही. दुपारी हे करू नका, पाण्यावरची गरम हवा सगळंच मऊ करते. सकाळी लवकर करा.

बुरशीसाठी अॅपर्चर उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर घेऊ नका. घेतलेली लेन्स आपल्या हवेत ४०-५० टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते. ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक.

नवखा (सीवूड्स):

उपयुक्त चर्चा. कॅनन डीएसएलआर आहे, तारे काढायचे नाहीत, त्यामुळे १०-१८ ठरली. खाडीकाठ, तो मुळांचा फोटो नेमका कोणत्या सेटिंगवर काढायचा? हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस केला की अनंतापर्यंत स्पष्ट येतं ते, दर वेळी मोजायचं का?

खाडीकाठ (ऐरोली):

मोजू नका. तक्त्याप्रमाणे १० मिमी, एफ/११ ला हायपरफोकल जवळपास अर्धा मीटर येतं, पण तिथे फोकस केला की मोठ्या स्क्रीनवर लांबच्या इमारती मऊ दिसतात. मॅन्युअलवर एक मीटरला फोकस करून ठेवा. एफ/११ ला ३३ सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालतं, म्हणजे ४० वरचं मूळ आत बसलं. त्यापुढे अॅपर्चर बंद करू नका, डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळाच फोटो मऊ होतो.

आपल्या बाजूने सूर्य खाडीवर मावळतो, म्हणजे तो फ्रेममध्ये किंवा फ्रेमच्या काठावर असणारच. यूव्ही फिल्टर लावला असेल तर काढा, त्याच्यामुळे पाण्यावर हिरवे ठिपके उमटतात. आयएसओ १००, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर.

बांधावरूनच काढा, तिवरांत शिरू नका. ती संरक्षित आहेत आणि गाळ मांडीपर्यंत घेतो. बांधाच्या कडेलाही माती मऊ असते. ट्रायपॉडचे पाय दाबून बसवा, खाली प्लॅस्टिकच्या चकत्या ठेवा आणि मिनिटभर थांबून मग क्लिक करा. लांब एक्स्पोजरमध्ये पाय दोन मिलिमीटर जरी खचला तरी पुढची मुळं दुहेरी येतात आणि माणूस लेन्सच्या फोकसला दोष देत बसतो. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सूर्यास्ताच्या तासभर आधी पाणी सर्वात खाली असेल असे दोन-तीन दिवस पंधरवड्यात मिळतात, तेवढे भरतीच्या तक्त्यावर खूण करून ठेवा.