१४२८५७ ही संख्या कोणकोणत्या वर्गांत बसते?

प्रश्न (खानापूर): आमच्या मराठी शाळेत मी १४२८५७ ला दोनपासून सहापर्यंतच्या अंकांनी गुणून दाखवले, तेव्हा तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरताना पाहून मुलांनी हिचे आणखी गुणधर्म विचारले. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निपाणी): गुरुजी, सातने गुणल्यास ९९९९९९ येतात, कारण १/७ च्या दशांश रूपात हेच अंक आवर्ती आहेत. मला मात्र अधिक मोलाचे वाटते ते असे, की हिचा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज पुन्हा १४२८५७ होते. म्हणजेच देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांपैकी ही एक आहे. मुलांना हा वर्ग हातानेच करू द्यावा.

उत्तर (बेळगाव): अंकांची बेरीज २७ असून २७ × ५२९१ = १४२८५७, म्हणून ही हर्षद संख्याही ठरते; ते नावही कापरेकरांनीच दिलेले आहे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मूळ अवयव कोणते?

उत्तर (बेळगाव): ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. एकूण विभाजक ३२ आहेत आणि ती संख्या स्वतः वगळता त्यांची बेरीज ११२५०३, म्हणजे संख्येहून कमी भरते. म्हणून ही न्यून संख्या होय.