इथिओपियातलं बिशोफ्तू: डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

भुसावळकर

राम राम मंडळी. बहीण-मेव्हणे अदिस अबाबात असतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन तिकडे जायचंय. त्यातले दोन दिवस बिशोफ्तूला काढावेत असं मेव्हण्यांचं म्हणणं. ज्वालामुखीच्या विवरांतली तळी आहेत, रिसॉर्ट आहेत, अदिसपासून तासाभरावर आहे एवढंच कळलंय. प्रश्न असे:

वडील ६८ वर्षांचे, गुडघे दुखतात. उतार-पायऱ्या किती? सगळे शाकाहारी, अंडंही नाही. मग जेवायचं काय? आपलं लोणार पाहिलेल्या माणसाला तिथे वेगळं काही दिसेल का, की तेच खाऱ्या पाण्याचं तळं? वडिलांचा जन्म शेतीत गेलाय, त्यांच्या मतलबाचं काही असेल तर तेही सांगा. आणि निघण्याआधी इथे जळगाव-भुसावळातच उरकायच्या गोष्टी कोणत्या?

तापीकाठ

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण लोक तिथेच अडकतात. पिवळ्या तापाची लस. भारताच्या लेखी इथिओपिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो, त्यामुळे परत येताना मुंबईत लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते. गावातल्या डॉक्टरने टोचून पावती दिली तर ती विमानतळावर चालत नाही. मुंबई, पुणे, नागपूर यांपैकी सोयीचं केंद्र पाहा आणि आधी नाव नोंदवा. एक कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठराविक वारीच लस देतात. आयत्या वेळी महानगरी एक्सप्रेस पकडून गेलात नि त्या दिवशी लसच नाही, असं होऊ शकतं. कार्ड एकदा मिळालं की जन्मभर चालतं.

वडिलांचं वय मात्र इथे महत्त्वाचं. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका थोडा वाढतो. त्यामुळे त्यांच्या सगळ्या गोळ्या-आजारांची यादी घेऊन आधी डॉक्टरांशी बोला. अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा, ही लस अंड्यातच तयार होते. डॉक्टरांनी 'नको' म्हणून पत्र दिलं तरी त्या पत्रावर परतताना विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका. हा निर्णय तिकीट काढण्याआधी व्हायला हवा, नंतर नाही.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तशीच दिसणारी दलालांची पानं वर येतात. मुंबईहून अदिसला थेट विमान आहे. बिशोफ्तू ज्या ओरोमिया राज्यात आहे तिथली परिस्थिती अधूनमधून बदलते, म्हणून निघायच्या आठवड्यात भारतीय दूतावासाची सूचना वाचा. मेव्हण्यांना स्थानिक खबर असेलच.

सामानात ड्रोन ठेवू नका, जप्त होतो. पक्षी बघायची दुर्बीणही अदिसच्या बोले विमानतळावर कस्टमवाले परवानगीपत्राशिवाय अडवतात. बिशोफ्तूत हवाई दलाचा मोठा तळ आहे. त्याच्या भिंती, फाटक, विमानं यांचे फोटो काढू नका, गाडीतूनसुद्धा नाही.

सरळरस्ता

जाण्याचं सांगतो. अदिसहून आग्नेयेला साधारण ४५ किलोमीटर. दोन रस्ते आहेत. जुना रस्ता आकाकी, दुकेम अशा गावांतून जातो, ट्रक भरपूर. दुसरा २०१४ मध्ये सुरू झालेला अदिस-अदामा एक्सप्रेसवे, टोलचा. आई-वडील सोबत असतील तर गाडी करून एक्सप्रेसवेनेच जा. त्यावर पाऊण तासाच्या आत पोहोचता, खरा वेळ अदिसमधून बाहेर पडायला लागतो. म्हणून शनिवारी सकाळी लवकर निघा किंवा सरळ मंगळवार-बुधवार धरा. शनिवार-रविवारी अख्खं अदिस तिथे लोटतं, वर लग्नाच्या पार्ट्या. मधल्या वारी खोल्या स्वस्तही असतात.

कालिटीच्या तळावरून मिनीबस मिळतात, पण गुडघेवाल्याला त्यात कोंबू नका. जिबुतीच्या नव्या रेल्वेवर बिशोफ्तूचं स्टेशन आहे. भुसावळच्या माणसाला रेल्वेचा मोह होणार हे ठाऊक आहे, तरी सांगतो: गाड्या मोजक्या आणि अदिसचं स्टेशन शहराबाहेर. वाचलेला वेळ तिथेच जातो. गावात फिरायला तीनचाकी रिक्षा. तिचं तिथलं नावच 'बजाज'. भाडं बसण्याआधी ठरवा.

वेळ ठरवताना नीट ठरवा. तिथे दिवस सकाळी सहाला सुरू धरतात. ड्रायव्हर 'दोन वाजता येतो' म्हणाला तर तो आपल्या आठ वाजता दारात उभा असेल. सहा तासांचा फरक आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी 'परदेशी घड्याळाने की तुमच्या?' असं विचारा. हॉटेलची आरक्षणं आपल्याच घड्याळाने असतात, घोळ होतो तो गाडीवाल्यांशी. तारखांचंही तसंच. त्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, तेव्हा पावतीवरचं साल बघून दचकू नका.

पैशांचं: जुलै २०२४ मध्ये बिरचा (तिथल्या चलनाचा) दर बाजारावर सोडला, तेव्हापासून इंटरनेटवरचे जुने भाव कुचकामी. परदेशी पाहुण्याला बऱ्याच रिसॉर्टचे दर डॉलरमध्ये सांगतात. मेव्हण्यांकडे रहिवासी ओळखपत्र असेल तर स्थानिक दर लागतो का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या. काउंटरवर हुज्जत घालून उपयोग नाही.

डाइकवाला (धुळे)

लोणारचा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो.

लोणार उल्केच्या आघाताने झालं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा एकच खड्डा, आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात. बिशोफ्तूत वरून काही पडलं नाही, खालून फुटलं. वर येणारा तप्त शिलारस जमिनीतल्या पाण्याला भिडला, पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि वरचा थर उडाला. असे स्फोट जागा बदलत झाले म्हणून एकाच गावात इतकी तळी. हा सगळा पट्टा पूर्व आफ्रिकेच्या खचदरीच्या, म्हणजे जमीन ताणून खचल्याने झालेल्या लांबलचक दरीच्या, काठावर आहे. आपल्याकडे धुळे-नंदुरबारात लांबच लांब भिंतींसारखे डाइक दिसतात, तिथल्या भेगांत लाव्हा थिजला. तिकडे पाण्याशी गाठ पडल्याने स्फोट झाले.

ओळखायची खूण सांगतो. विवराच्या कडेला जिथे रस्त्यासाठी कापलंय तिथे थांबून माती बघा. राख, बारीक खडी, मध्येच मुठीएवढा दगड, परत राख, असे बोट-दोन बोट जाडीचे थर एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्येक थर म्हणजे स्फोटाचा एक भपका. काही ठिकाणी मोठा दगड पडून खालचे थर वाटीसारखे दबलेलेही दिसतात. लोणारच्या कडेवर असं काही नाही, तिथे बसाल्टचे थर उचलून बाहेर वाकलेत.

पाणी दोन्हीकडे अल्कधर्मी आणि कारणही सारखं. खडक झिजून सोडियम नि कार्बोनेट पाण्यात येतात, पृष्ठभागावरून बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. पण बिशोफ्तूत तळ्यातळ्यात फरक आहे, कारण प्रत्येकाचं जमिनीखालून झिरपणं वेगळं. आरेंगुआदे म्हणजे 'हिरवं तळं' सगळ्यात खारट-सोड्याचं. स्पिरुलिना शेवाळाने हिरवंगार होतं, ते खायला फ्लेमिंगो येतात. ते गावाबाहेर आहे, गाडी लागते.

खोलीचा फरक तर जमीन-अस्मानाचा. लोणारचं पाणी उथळ. गावाच्या मधोमध असलेलं बिशोफ्तू तळं जेमतेम किलोमीटरभर रुंद, पण खोली ८५ मीटरच्या पुढे. बाबोगाया साधारण ६५, होरा ३८ मीटर. म्हणून काठाशी पाय बुडवायलाही बेतानेच. दोन पावलांवर तळ नाहीसा होतो.

सरळरस्ता

सगळी तळी विवरातली, असा समज कुणाचा होऊ नये म्हणून: कुरिफ्तू उथळ आहे, पाच-सहा मीटर, त्यात नदीचं पाणी वळवून आणलंय. म्हणून पाणी गढूळ. चेलेलेका तर पावसाचं पसरट पाणथळ, उन्हाळ्यात आटतं.

डाइकवाला (धुळे)

बरोबर. पण चेलेलेकाला नाक मुरडू नका, डिसेंबरात पक्षी तिथेच. युरोपातून आलेले क्रौंच संध्याकाळी थव्याने उतरतात.

आणि डिसेंबरात जाताय म्हणून एक इशारा. विवराच्या उंच कडांमुळे खोल तळ्यांना वारा लागत नाही. वरचं कोमट पाणी वर, खालचं थंड पाणी खाली, दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सडका वायू साठतो. नोव्हेंबर ते जानेवारीत आभाळ निरभ्र, रात्री गारठा. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं आणि तळाचं पाणी वर येतं. अशा वेळी मासे मरून तरंगतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दरवर्षी होईलच असं नाही. पण झालं तर ते सांडपाणी सोडल्यामुळेच असं ठरवून रिसॉर्टवाल्याशी भांडू नका. त्या तळ्यावरून उठून दुसऱ्यावर जा.

वरणबट्टी

जेवणाची काळजी सोडा, डिसेंबर उत्तमच. इथिओपियन ऑर्थोडॉक्स लोक बुधवार-शुक्रवार उपास करतात आणि नाताळाआधीचा त्यांचा मोठा उपास २५ नोव्हेंबरच्या सुमाराला सुरू होतो, तो ६ जानेवारीपर्यंत. उपास म्हणजे मांस, दूध, तूप, अंडं सगळं बंद. हॉटेलात 'यत्सोम बेयायनेतू' मागा: इंजेराच्या (त्यांच्या आंबट घावनाच्या) मोठ्या चकतीवर मसूर, पानकोबी-गाजर-बटाटा, घेवडा, पालेभाजी, बीट असे ढीग येतात. 'शिरो' म्हणजे हरभरा-वाटाण्याच्या पिठाचं, मिरची-लसणाचं पिठलंच. वडिलांना तेच रुचेल.

फसण्याच्या जागा तीन. 'बोझेना शिरो'त मांस असतं. नुसता शिरोही एरवी मसाल्याच्या तुपात करतात, तुम्हाला तूप चालतं म्हणजे हरकत नाही. तिसरी महत्त्वाची: बरेच लोक मासा उपासाला चालतो असं मानतात, त्यामुळे उपासाच्या थाळीत मासा येऊ शकतो. 'असा' म्हणजे मासा, 'सिगा' म्हणजे मांस, 'इंकुलाल' म्हणजे अंडं. हे तीन शब्द आणि 'येल्लेम' (नाही) एवढं पाठ करा.

इंजेरा टेफ नावाच्या तिथल्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा, आंबट असतो. पित्तवाल्या माणसाने पहिल्या जेवणाला अर्धाच खावा. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्या. पाणी बाटलीचंच प्या, खचदरीच्या भागात भूजलात फ्लोराइड जास्त असतं आणि ते उकळून जात नाही, उलट वाढतं.

काळीमाती (चोपडा)

वडिलांसाठी तळ्यांपेक्षा शिवार बघण्यासारखं आहे. बिशोफ्तूच्या आजूबाजूला अदा नावाचा तालुका, पांढऱ्या टेफसाठी नावाजलेला. जमीन आपल्यासारखीच काळी, भेगा पडणारी. पाऊस जून ते सप्टेंबर. टेफ जुलै-ऑगस्टात पेरतात. दाणा खसखशीएवढा, म्हणून रान बैलांनी चार-पाच वेळा नांगरून भुसभुशीत करतात. हरभरा मात्र पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या आसपास, अंगच्या ओलीवर. आधी पेरला तर काळ्या रानात पाणी साचून मुळं कुजतात आणि मर लागते. डिसेंबरात घाटे भरताना दिसतील, टेफची कापणी-मळणी चालू असेल, खळ्यावर बैल फिरवतात.

तुंबलेल्या पाण्यावर तिथे १९८०च्या दशकात काढलेला उपाय वडिलांना जरूर सांगा. तिथला लाकडी नांगर 'मारेशा', तसे दोन जोडून वरंबे पाडणारं अवजार केलं: ८० सेंटिमीटरचा वरंबा, ४० सेंटिमीटरची सरी, जादा पाणी सरीतून बाहेर. आपली रुंद वरंबा-सरी तीच. पण पाणी काढून द्यायला शेताच्या खालच्या टोकाला चर नसेल तर ते शेजाऱ्याच्या रानात तुंबतं, म्हणजे एकट्याने करून भागत नाही. बांधावरची भांडणं तिकडेही चुकलेली नाहीत.

गावातच देब्रे झेत कृषी संशोधन केंद्र आहे. टेफ, हरभरा, मसूर, गहू यांची वाणं तिथून निघतात. नाव जुनं राहिलंय, कारण गावाचं नावच मधली काही दशकं देब्रे झेत होतं. सहज फाटकातून आत सोडणार नाहीत. मेव्हण्यांकरवी आधी पत्र टाका. बियाणं मात्र खिशात घालून आणू नका, परवान्याशिवाय बेकायदा आहे.

तापीकाठ

गुडघ्यांचं राहिलंच. बाबोगाया आणि होराचं पाणी काठापासून बरंच खाली, पायऱ्या भरपूर. आरक्षण करताना 'पाण्यालगतची खोली' मागू नका, जेवणघराजवळची वरची मागा. पाणी वरूनच छान दिसतं. पायऱ्या अगदीच नको असतील तर कुरिफ्तूचा काठ सपाट असल्याने सोयीचा. गावातलं बिशोफ्तू तळं कडेवरच्या कॉफीच्या ठिकाणी बसून बघा. उंची १९०० मीटरच्या आसपास, दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री स्वेटर लागतो. झुक्वाला डोंगराचा बेत कुणी सुचवला तर वडिलांसाठी नको. सुमारे तीन हजार मीटर उंच, माथ्यावर विवरतळं आणि मठ, पण कच्चा रस्ता नि जीप.

पुढे कुणी सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात जाणार असेल तर त्यांच्यासाठी: ओरोमो लोकांचा इरीचा सण होरा तळ्यावर भरतो, बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. पाऊस संपल्याबद्दल देवाचे आभार मानतात, ताजं गवत नि पिवळी फुलं पाण्यात बुडवून शिंपडतात. लाखोंची गर्दी, रस्ते बंद. २०१६ साली तिथेच अश्रुधुरानंतर चेंगराचेंगरी होऊन सरकारी आकड्यानुसारही पन्नासहून अधिक माणसं गेली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या दिवशी नको.

भुसावळकर

भो, एवढं अपेक्षित नव्हतं. लसीसाठी आधी डॉक्टरांना भेटतो, मग तिकीट. बुधवार-गुरुवार धरतोय. काळीमाती, केंद्राला पत्र इंग्रजीत चालेल ना?

काळीमाती (चोपडा)

चालेल. कोण, किती जण, कुठलं पीक बघायचं हे चार ओळींत लिहा, आणि वडील शेतकरी आहेत हे पहिल्या ओळीत.