मदत हवी आहे : रायगडाच्या चित्रावर बोट ठेवलं की माहिती उघडावी

नमस्कार मंडळी. सातवीच्या मुलांना इतिहासाचा प्रकल्प द्यायचाय. रायगडाचा नकाशा त्यांनी हाताने काढायचा, त्याचा फोटो घ्यायचा आणि त्यावर टिंबं ठेवायची. महादरवाजाला बोट लावलं की त्यांनी लिहिलेल्या चार ओळी, बाजारपेठेवर त्यांच्याच आवाजातलं वर्णन, राजसदरेवर १६७४ च्या राज्याभिषेकाची माहिती. हिरकणी बुरूज कुणाच्या गटाला, यावरून आत्ताच भांडणं जुंपलीत!

थिंगलिंक (चित्रावर अशी टिंबं ठेवायची वेबसाइट) छान आहे, पण एवढ्या लहान मुलांची खाती उघडायला मन धजत नाही. सध्या पॉवरपॉइंटमध्ये चित्रावर पारदर्शक चौकट ठेवून ती दुसऱ्या स्लाइडला जोडतेय. नेटशिवाय चालतं, हे महत्त्वाचं, कारण शाळेत रेंजचा भरवसा नाही. फक्त चौकटीबाहेर बोट लागलं की सरळ पुढची स्लाइड येते. हे कसं थांबवायचं?

एच५पी (बोट लावलं की उघडणारं असं साहित्य बनवायचं साधन) वापरणारं कुणी आहे का? लुमीवर (एच५पीचं साहित्य बनवायचं ॲप) बनवून एचटीएमएल फाइल (ब्राउझरमध्ये उघडणारी) काढली, तर आवाजही तिच्यातच राहतो का? जुन्या टॅबवर उघडते का?

आणि गुण कसे देता? माहिती शोधणारा एक, टिंबं जोडणारा दुसरा; सगळ्यांना सारखेच देणं मला पटत नाही.