शंका असली तरी या की

"मनात शंका असताना ईस्टरला चर्चमध्ये बसणं म्हणजे ढोंग" असं कोणी कोणी म्हणतात, ते मत नाही पटलं. बायबलमधलं मत्तय 28:17 काढून बघा, मेलेल्यांतून उठलेला येशू गालीलात समोर उभाय, अकरा शिष्य नमन करतायत आणि तिथंच लिहिलंय की काहींना संशय वाटला, तरी पुढची आज्ञा, जाऊन सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, ही सगळ्यांनाच, संशयवाल्यांना वेगळं नाही काढलं. जखमा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य थोमा, तो एकटाच उगाच बदनाम झालाय.

आणि पेत्राचं, येशूच्या दुसऱ्या एका शिष्याचं, कोणी काढतच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो, एकदा याजकाच्या अंगणात, तिथं शेकत उभं राहून त्याने येशूला नाकारलं, तीनदा, आणि मग तळ्याकाठी, वर मासळी ठेवलेली, तिथं खाणं झाल्यावर येशूने त्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. आमच्याकडे भुसावळला ईस्टरच्या पहाटे, ऊन चढायच्या आत, कब्रस्तानात प्रार्थना असते. कापूस बुडून कर्जात गेलेला माझा मावसभाऊ गेटपाशीच थांबायचा, गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पेत्राचा हाच उतारा त्याला वाचायला लावला, मधे आवाज अडकला त्याचा पण वाचला पूर्ण. कर्ज आहेच अजून, पण यंदाचं वाचन त्याने स्वतःच मागून घेतलंय.