शाळेत तुमचे केस कोणी मोजले?

मागच्या आठवड्यात लेकीच्या डायरीत लाल शेरा आला : 'केस मोकळे. पुन्हा असे पाठवू नये.' 'पाठवू नये' वाचून क्षणभर पार्सलच डोळ्यांसमोर आलं. मग आमचे सर आठवले. ते पट्टीबिट्टी वापरत नसत. मानेवरून बोटं उलटी फिरवायची, केस चिमटीत आले की रांगेबाहेर. नेमका नियम काय होता ते आज मला सांगता येणार नाही, पण ती खडूने खरखरीत झालेली बोटं अजून मानेला आठवतात.

तर लिहा. नियम बरा की वाईट हा वाद नंतर घालू. तुमचे केस, नखं, कानातलं कोणी तपासलं, कशाने मोजलं आणि बघायला कोण कोण होतं, एवढं सांगा.

*

माझ्या बाबांचं सलून होतं आणि माझेच केस वाढलेले, म्हणजे दिव्याखाली अंधार. आठवीत एकदा प्रार्थना झाल्यावर सर कात्री घेऊन आले. ज्यांचे केस कानावर आले होते त्यांच्या डोक्यावर मधोमध एकेक घास घेतला. हेतू हा की आता पोरगा झक मारत कापून येईल. माझाही घेतला. मागे मुलींच्या रांगा होत्या, त्या हसल्या की नाही ते मी वळून पाहिलं नाही.

घरी न जाता थेट दुकानात गेलो. बाबांनी खुर्चीत बसवलं, मान खाली केली, तो खड्डा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "कात्रीला धार नाही." बस, एवढंच. मग सगळं डोकं त्या खड्ड्याच्या पातळीला आणलं. संध्याकाळी आमच्याच शाळेची आणखी चार पोरं आली, चौघांना तसाच खड्डा. बाबांनी कोणाकडून पैसे घेतले नाहीत. त्यांचा राग तेवढाच निघाला असावा.

*

मला नखं कुरतडायची सवय. नखांच्या तपासणीत दहा वर्षं पहिला!

*

आमच्याकडे दोनच पर्याय होते, बॉयकट नाहीतर दोन वेण्या, त्याही वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या. बॉयकट वाढवून वेणीपर्यंत पोचायला वर्ष जातं, ते वर्ष जगायचं कसं हे नियमात नव्हतं. आईने चार-चार बोटांच्या शेंड्यांना रिबिनी बांधून पाठवलं. रिबीन शेंडीपेक्षा लांब. त्यात माझे केस कुरळे, दुपारपर्यंत सगळं सुटून भोवती प्रभावळ व्हायची. बाईंनी नळाखाली डोकं धरून ते चापून बसवले. वाळल्यावर दुप्पट फुलले. कुरळ्या केसांवर पाणी मारून काय होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

*

मी विरोधात लिहिते, राग मानू नका. मला तो नियम आवडायचा. सकाळी आरशासमोर ठरवण्यासारखं काहीच नसायचं. कॉलेजात गेल्यावर पहिला महिना रोज उशीर झाला.

*

सातवीत मला चाई पडली. आधी रुपयाएवढी, मग तीन महिन्यांत निम्मं डोकं. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, असं डॉक्टरांनी सांगितलं. कोणाला लागत नाही. पण वर्गात टोपी घालायला बंदी होती, म्हणून आईने दाखला आणला आणि तो मी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवायचो. वर्गावर नवीन शिक्षक आले की उठायचं, कागद काढायचा, द्यायचा. घड्यांवर तो फाटायला आला तेव्हा बाबांनी लॅमिनेट करून दिला.

एकदा बदली तासाला आलेल्या सरांनी कागद मागायच्या आधीच टोपी उचलली. वर्ग एकदम गप्प झाला. सरच जास्त घाबरले. टोपी परत ठेवताना त्यांनी ती उलटी ठेवली, आणि ती सरळ करायची माझी हिंमत तास संपेपर्यंत झाली नाही. केस पुढे आले, बरेचसे. लॅमिनेशन अजून आहे.

*

मी शिक्षिका होते, फाटकावरची. तेव्हा उवांचं कारण आम्ही हमखास सांगायचो. उवा डोक्याला डोकं लागून पसरतात, केस आखूड असले म्हणून टळत नाहीत, पण पालकांना ते कारण पटायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आलं, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई झाली, तेव्हा हातातली पट्टी गेली. मी नुसती बघायला लागले. तेवढंही पुरायचं.

एका मुलीचा भांग कायम वाकडा, एक वेणी वर, एक खाली. अख्खा पावसाळा मी तिला रोज दोन मिनिटं बाजूला उभं केलं. तिची आई पहाटेच कामाला जाते हे मला पुढच्या वर्षी दुसऱ्याच बाईंकडून कळलं. वेणी कोण घालतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

*

मी पालक समितीत आहे. बैठकीला थोडं वाचून गेलो होतो. ओसाकामधल्या एका मुलीचं म्हणणं होतं की तिचे केस जन्मतःच तपकिरी, तरी शाळा पुन्हा पुन्हा काळे रंगवायला लावते. तिने २०१७ मध्ये खटला भरला. २०२१ च्या निकालात कोर्टाने नियम रद्द केला नाही. पण ती शाळेत येईनाशी झाल्यावर वर्गातून तिचा बाक हटवला आणि यादीतून नाव काढलं, त्यासाठी ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला लावली. नाकातल्या चमकीवरून दक्षिण आफ्रिकेत एक प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयात गेलं. २००७ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने लागला, तोवर तिची शाळा संपलेली.

टोकियोच्या सरकारी हायस्कुलांनी एप्रिल २०२२ पासून केस काळे करायची सक्ती सोडली, आणि त्याबरोबर 'विद्यार्थ्याला शोभेल असं' छापाची मोघम भाषाही. हे मी मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. आमच्या समितीने दोन तास चर्चा केली, 'केस कानाच्या वर' खोडलं आणि 'केस नीटनेटके' लिहिलं. आधी निदान कान तरी दिसत होता.

*

मी मुलगी, केस बारीक कापून यायचे, कोणी हटकलं नाही. भावाने वाढवले तर आईबाबांना बोलावलं. घरात दोघांचा कंगवा एकच होता.

*

डायरीत काय उत्तर दिलं, असं दोघांनी विचारलंय. लांबलचक लिहायला घेतलं होतं, कायदा, बालमानस वगैरे. लेक म्हणाली, "एवढं नको, बाई वर्गात मोठ्याने वाचतात." मग फक्त लिहिलं, 'पोहायचा तास होता, केस ओले होते.' खाली सही. दुसऱ्या दिवशी त्यावर बाईंची बरोबरची खूण आली, त्याच लाल पेनाने.