राखणेचा कोंबडा माणसांवर धावतोय: वळवायचा की वेळेआधी कापायचा?

खळ्यातून
दिवाळीला ताई तिच्या 6 वर्षांच्या लेकीला घेऊन आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तांबड्या कोंबड्याने पोरीला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाडलं. मागून आला, उडाला आणि दोन्ही पाय पुढे करून पोटरीवर आपटला. दोन भोकं पडली. दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम भरली. पोर मात्र नंतर खळ्यात उतरली नाही, आणि ताई बजावून गेली की तो कोंबडा आहे तोवर मी मे महिन्यात येत नाही.

गाव कुडाळ तालुक्यात. घरी आजी, आई, मी. 9 कोंबड्या आणि हा तांबडा, 14 महिन्यांचा. आई गावठी, बाप मामाकडचा, असील या झुंजीच्या जातीच्या रक्ताचा. शिवाय 6 महिन्यांचा एक धाकटा कोंबडा आहे, त्याला हा दाण्यापाशी फिरकू देत नाही. पावसाळ्यापर्यंत तांबडा गुणी होता. मग आधी दूधवाल्यावर धावला, मग लाइटबिलवाल्यावर, मग आईच्या साडीवर. आई खराटा उगारते तर हा मानेची पिसं फुलवून आणखी पुढे येतो.

एरवी रविवारचा रस्सा करून विषय संपवला असता. पण तो राखणेला सोडलेला आहे. देशावरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे घराच्या, शेताच्या राखणदाराला वर्षातून एकदा गाऱ्हाणं घालून कोंबडा देतात, ती राखण. आमची शिमग्यानंतर असते. आजीचं म्हणणं, "राखणेचो कोंबडो तो. राखण होयसर तेका कोणी हात लावूचो नाय."

माझं मत: पोरीचा डोळा गेला असता तर राखणदाराने परत दिला नसता. आत्ताच कापावा, राखणेला दुसरा द्यावा. पण मला खरंच विचारायचंय, माणसावर धावणारा कोंबडा सुधारतो, की तो फक्त मोबाइलवरच्या व्हिडिओंत सुधारतो?

देशावरचा
कापा. 20 वर्षं कोंबड्या आहेत माझ्याकडे, आज 40 आहेत.

आमच्या आईने 'निवड' हा शब्द कधी उच्चारला नसेल, पण पाहुणा आला की जो कोंबडा माणसावर येतो तोच आधी कापायचा हा तिचा नियम होता. गरीब कोंबडा मागे राहायचा, त्याचीच पिल्लं वाढायची. म्हणून आमच्या वस्तीवरचे कोंबडे पायात आले तर स्वतः बाजूला होतात. स्वभाव रक्तातून उतरतो. तुमचं उलट चाललंय बघा. सगळ्यात दांडगा, तुरेदार कोंबडा देवाला राखून ठेवायचा म्हणजे वर्षभर तोच कोंबड्यांवर चढणार आणि गावभर त्याचीच पिल्लं होणार. वर म्हणायचं कोकणातले कोंबडे तापट.

खुराडेवाली
देशावरचे दादा, सुरी हातात घेऊनच धाग्यावर येता का?

माझाही एक असाच होता. रोज सकाळी खुराडं उघडलं की माझ्या घोट्यावर. मी लाथ घालायचे, तो परत यायचा, महिनाभर आमची हीच सकाळ. मग एक दिवस शांतपणे ओट्यावर बसून पाहत राहिले. दुसऱ्या कोंबड्याशी भांडण काढायचं असलं की तो एक पंख जमिनीकडे सोडून तिरका तिरका नाचत यायचा, आणि माझ्याशी डिट्टो तसाच. म्हणजे त्याच्या लेखी मी त्या खळ्यातला दुसरा कोंबडा होते! मी लाथ मारली की भांडण स्वीकारलं, पळाले की तो जिंकला. दोन्हीकडून त्याचंच खरं.

लाथ बंद केली. गुडघ्यासमोर जुनं सूप धरून जायचे, आला तर सुपावर आपटू द्यायचे, मागे सरायचं नाही, पुढे मारायला जायचं नाही, काम उरकून सावकाश निघायचं. त्याच्यासमोर त्याच्या कोंबड्यांना पकडणं बंद केलं, ते काम अंधार पडल्यावर. हातावर दाणे देणं बंद. पिल्लू असताना मुलांनी त्याला मांडीवर घेऊन चारलं होतं, मला वाटतं तिथेच बिघडला. त्याला माणसाचं भय उरलं नाही, आणि वयात आल्यावर माणूस हा बरोबरीचा गडी वाटायला लागला. दीड महिन्यात थांबला.

आणि राखणीचं काम तो खरंच करतो हो. घार दिसली की एक आवाज, मुंगूस किंवा कुत्रा दिसला की वेगळा. पहिल्या आवाजाला कोंबड्या झुडपात घुसतात, दुसऱ्याला माना वर करून बघतात. दाणा सापडला तर स्वतः न खाता हाका मारतो.

देशावरचा
ताई, तुमच्यावर यायचा थांबला. शेजारच्या पोरावर?

खुराडेवाली
...नाही थांबला. खोटं कशाला बोलू. पाहुणे यायचे असले की त्याला डालग्याखाली घालते.

देशावरचा
झालं तर मग.

खुराडेवाली
झालं काय? डालगं 200 रुपयांना मिळतं. माझ्या 14 कोंबड्यांपैकी वर्षभरात घारीने एकही नेली नाही. तुमच्या गरीब कोंबड्यांच्या वस्तीवर किती गेल्या ते सांगा.

देशावरचा
सात-आठ. पण पोरं सगळी शाबूत आहेत.

पिठलंभाकरी
मी शाकाहारी, त्यामुळे मला कोणी विचारणार नाही, तरी सांगतो. एवढा त्रास आहे तर लांब रानात नेऊन सोडून द्या की. जगेल बिचारा.

खुराडेवाली
रात्रीपर्यंत जगेल. मग कोल्हा खाईल. तुम्हाला दिसणार नाही एवढाच फरक.

मोकळा_दाणा
असील रक्ताचा आहे ना? मग झुंजवाल्यांना द्या. रश्श्यापेक्षा चार पटीने पैसे येतील, आणि आजीला सांगा मुंगसाने नेला.

खळ्यातून
दादा, 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी 2021 मध्ये तेलंगणात झुंजीसाठी पायाला पातं बांधलेल्या कोंबड्याने सुटायच्या धडपडीत मालकालाच कापलं आणि तो माणूस गेला. पैसे नकोत, आणि आजीशी खोटं तर अजिबात नको.

गुरांचा_डॉक्टर
दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत.

आधी वय. कोंबडा सहा महिन्यांपासून सव्वा-दीड वर्षाचा होईपर्यंत अंगात हार्मोन उसळत असतात. काही त्यानंतर निवळतात, बरेच निवळत नाहीत. असील शेकडो वर्षं झुंजीसाठीच राखलेली जात, पण ती निवड कोंबड्यावर धावण्यासाठी झाली, माणसावर नव्हे. झुंजीत माणसालाच त्याला हातात धरावं लागतं. अस्सल असील कित्येकदा मालकाच्या हातात मांजरासारखा बसतो. त्यामुळे सगळा दोष मामाच्या कोंबड्यावर ढकलू नका.

खच्ची करा असं कोणी सुचवायच्या आधी सांगतो: बैलासारखं ते सोपं नाही. कोंबड्याची वृषणं पोटात, पाठीच्या कण्याला लागून असतात. बरगड्यांमधून शस्त्रक्रिया करावी लागते, त्यात पक्षी दगावतात. घरी कोणी हात घालू नये.

चोच छाटूनही फारसा उपयोग नाही, इजा बहुतेक वेळा पायाच्या काट्याने होते. काटा नखासारखा असतो, बाहेर टणक आवरण आणि आत हाड व रक्त. फक्त टोक कानशीने घासून बोथट करा, मुळाशी जाऊ नका. रात्री धरा, अंधारात तो गप्प असतो. रक्त आलं तर हळद दाबा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. लहान पोर खाली वाकलं की कोंबड्याची उडी थेट चेहऱ्यापर्यंत पोचते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर फुगलेल्या शिरा असतात. ऑस्ट्रेलियात 76 वर्षांच्या बाईंच्या पायावर कोंबड्याने चोच मारली, फुगलेली शीर फुटली आणि रक्तस्राव होऊन त्या गेल्या. 2019 मध्ये तिथल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी ते प्रकरण छापलं. असं क्वचितच घडतं, पण तुमच्या घरात आजी आहेत म्हणून लिहितोय. तुम्ही फक्त पोरीचा विचार करताय.

खुराडेवाली
डॉक्टर, मी सुचवलेलं सूप मग निरुपयोगी का?

गुरांचा_डॉक्टर
तुमच्यासाठी उपयोगी. कोंबडा माणसं ओळखतो. तुमच्याशी त्याचा हिशेब मिटला, म्हणजे माणूसजातीशी मिटला असं नाही. देशावरचे तेच म्हणताहेत, जरा कमी गोड शब्दांत.

परदेशी_खुराडं
अमेरिकेतून. आमच्या गावात परसात 6 कोंबड्या पाळता येतात, कोंबड्याला परवानगीच नाही, आरवण्यामुळे. अंडी रोज मिळतात, अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लं हवी असली तर विकत आणतो. तुम्हाला कोंबडा लागतोच कशाला?

खळ्यातून
मावशी, कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची तर गावठी अंडी लागतात, पिल्लं विकत आणायची कल्पना आजीला सांगून बघा. आणि राखणेला कोंबडी चालत नाही.

सड्यावरचा_आजोबा
वय 71, टाइप करायला वेळ लागतो, म्हणून एवढंच. राखणदार घराला राखतो, त्यात घरातलं पोरही आलं. आमच्याकडे राखणेसाठी ठेवलेला कोंबडा दोनदा मुंगसाने नेला. दोन्ही वेळा गाऱ्हाण्यात तसं सांगितलं, चूकभूल पदरात घे म्हटलं आणि दुसरा दिला. राखणदार रागावल्याचं ऐकिवात नाही. आजीला हे वाचून दाखव.

देशावरचा
आजोबा, हे आधी सांगितलं असतं तर धागा दुसऱ्या प्रतिसादात संपला असता.

खळ्यातून
आठ दिवसांनी लिहितोय.

काटे घासले. रात्री आजीनेच धरला, माझ्या हातात तो राहीना. आंब्याखाली बांबूची जाळी मारून तांबड्याला वेगळं ठेवलंय, दुपारी सगळे झोपल्यावर तासभर सोडतो. सूप मी चार दिवस धरलं, दोनदा आपटला, काल नुसता बघत राहिला. आई सूप धरायला तयार नाही, तिला भाताच्या कोंड्यासाठी ते हवं असतं. यंदा त्याच्या अंड्यांवर कोंबडी बसवायची नाही असं ठरलंय. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की कोंबडा वेगळा केल्यावरही दोन आठवडे अंडी फळती येऊ शकतात, आणि दुपारी सोडतो तोवर तर येणारच. म्हणून सगळी अंडी अंड्याच्या पोळीलाच जाणार.

आजोबांचा प्रतिसाद आजीला मोठ्याने वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला, दोनदा मान हलवली. मग म्हणाली, "मुंगसान न्हेलो तर न्हेलो. तू काय मुंगूस आसस?"

तर तांबडा शिमग्यापर्यंत आहे. ताईला कळवलंय की मे महिन्यात खळं मोकळं असेल. आणि धाकटा आता दाण्यापाशी येतो, परवा पहिल्यांदा आरवला. त्याला पुढे ठेवायचा विचार आहे.

देशावरचा
धाकट्याचा बाप कोण?

खळ्यातून
तांबडाच.